कर्जत लोकलमधली तीन परिमंडळं

मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


डोंबिवलीत राहून मी लहान कारखान्यांची, दुकानांची आणि गोदामांची पगारपत्रकं तयार करते. महिन्याच्या 7 तारखेच्या आत पगार, 15 तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआयची चलनं, जून आणि डिसेंबरला कामगार कल्याण निधी, दिवाळीआधी बोनस, हे माझं काम. एक माणूस कामावर ठेवायला मालकाला किती खर्च येतो आणि त्यातले किती पैसे त्या माणसाच्या हातात पडतात, हे दोन्ही आकडे माझ्यासमोर रोज शेजारी-शेजारी असतात. त्या आकड्यांना कापत जाणाऱ्या एका रेघेबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे. ती रेघ नकाशावर आहे आणि ती पुसण्याचा अधिकार आपल्या खात्याकडे आहे.

किमान वेतनाची रचना आपल्याला ठाऊक आहेच. पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडक्यात सांगते. दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी राज्याचे तीन भाग केले आहेत. सर्व महानगरपालिकांची हद्द पहिल्या परिमंडळात, 'अ' आणि 'ब' वर्ग नगरपरिषदा दुसऱ्यात, उरलेलं सगळं तिसऱ्यात. काही उद्योगांच्या अधिसूचनांत व्याख्येचे शब्द थोडे निराळे असतात, पण साचा हाच. जुलै 2019 मध्ये या आस्थापनांतल्या अकुशल कामगाराचा महिन्याचा मूळ दर पहिल्या परिमंडळात 10,021 रुपये, दुसऱ्यात 9,425 आणि तिसऱ्यात 8,828 असा ठरला. कुशल कामगारासाठी अनुक्रमे 11,632, 11,036 आणि 10,440. या मूळ दरावर दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता चढतो.

आता हे दर रेल्वेच्या नकाशावर ठेवून पाहा. ठाण्याहून कर्जतकडे जाणारी लोकल कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर करत जाते. तोपर्यंत आपण पहिल्या परिमंडळात असतो. अंबरनाथ आलं की दुसरं परिमंडळ. बदलापूरही दुसऱ्यात. पुढचं वांगणी ग्रामपंचायतीत, म्हणजे तिसऱ्यात. कसाऱ्याच्या मार्गावर टिटवाळा महापालिकेत आहे आणि लगेच पुढची खडवली नाही. गाडी तीच, डबा तोच, त्यात उभी असलेली माणसंही तीच. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या दुकानात माल लावणारा मुलगा आणि तिथून चालत जाता येईल अशा अंबरनाथच्या दुकानात माल लावणारा मुलगा यांच्या मूळ दरात महिन्याला 596 रुपयांचा फरक आहे. एक दूध, एक भाजी आणि एक रिक्षा-स्टँड अशा शेजारात हा फरक कशाच्या आधारावर टिकतो? जमिनीवरचा कर कुठली स्थानिक संस्था घेते, एवढ्याच आधारावर.

यावर कुणी म्हणेल की अंबरनाथ-बदलापूरला राहणं स्वस्त आहे, म्हणून वेतन कमी. मी हे म्हणणं गांभीर्याने घेते, कारण त्यात थोडं तथ्य आहे. वांगणीतली खोली ठाण्यातल्या खोलीपेक्षा स्वस्त आहे, म्हणून तर लोक तिथवर राहायला गेले. पण परिमंडळ ठरतं ते कामाच्या जागेवरून. वांगणीत राहून ठाण्यात काम करणाऱ्याला पहिल्या परिमंडळाचा दर मिळतो. डोंबिवलीत भाडं भरून भिवंडी तालुक्यातल्या, उदाहरणार्थ माणकोलीच्या, गोदामात रोज जाणाऱ्याला, गोदाम ग्रामपंचायतीत असेल तर, तिसऱ्या परिमंडळाचा दर लागतो. खर्च डोंबिवलीचा आणि वेतन माणकोलीचं. राहणीमानाच्या खर्चावर ही रचना उभी आहे, असं म्हणायला जागा उरत नाही.

सरकारचे इतर विभाग याच भूभागाकडे कसे पाहतात, तेही पाहावं. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना घरभाडे भत्ता देताना शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे वर्ग करतं. महाराष्ट्रात एक्स वर्गात दोनच नावं आहेत, बृहन्मुंबई नागरी समूह आणि पुणे नागरी समूह. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबई नागरी समूहात ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हे सगळं येतं. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यापासून एक्स शहरात मूळ वेतनाच्या 30 टक्के घरभाडे भत्ता आहे. म्हणजे बदलापूरच्या टपाल कार्यालयातल्या कारकुनासाठी बदलापूर ही मुंबई आहे, आणि त्याच रस्त्यावरच्या कापडाच्या दुकानातल्या सेल्समनसाठी ते दुसऱ्या प्रतीचं गाव.

बदलापूर स्थानकात फलाट झाडणाऱ्या कंत्राटी कामगाराचा दाखला तर अधिक बोलका आहे. रेल्वे केंद्राच्या अखत्यारीत असल्याने त्याला केंद्राचं किमान वेतन लागतं. केंद्राच्या 'ए' क्षेत्रात बृहन्मुंबई नागरी समूह आहे, आणि तिथे सफाईच्या अकुशल कामाचा दर 1 ऑक्टोबर 2024 पासून दिवसाला 783 रुपये झाला. महिन्याचे 26 दिवस धरले तर 20,358 रुपये. पादचारी पूल उतरून बाहेर आलं की तोच झाडू, तोच घाम, पण दर राज्याच्या दुसऱ्या परिमंडळाचा. विशेष भत्ता धरूनही तो बराच खाली राहतो. या दोन कामगारांच्या खोल्या कदाचित एकाच चाळीत असतील.

उलट भिवंडी पाहा. जनगणनेत भिवंडीचा नागरी समूह वेगळा असल्याने केंद्राच्या घरभाडे भत्त्यासाठी ती वाय वर्गात जाते. पण तिथे महानगरपालिका असल्याने राज्याच्या किमान वेतनासाठी ती पहिल्या परिमंडळात. अंबरनाथ केंद्राच्या लेखी वर आणि राज्याच्या लेखी खाली. भिवंडी केंद्राच्या लेखी खाली आणि राज्याच्या लेखी वर. उद्योग खात्याचा नकाशा आणखी तिसराच. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत मुंबई महानगर प्रदेशाचा विकसित पट्टा 'अ' गटात टाकला आहे. इथे उद्योग पुरेसे वाढलेत, आता सवलतींची गरज नाही, हा त्यामागचा विचार. मालकाला अनुदान नाकारताना जो पट्टा विकसित ठरतो, त्याचाच एक भाग कामगाराचं वेतन ठरवताना मागास ठरतो. हे दोन्ही निर्णय एकाच राज्य सरकारचे आहेत.

पहिल्या परिमंडळात 'सर्व महानगरपालिका' आहेत, हे मी मुद्दाम पुन्हा सांगते. लातूर आणि परभणीला 2011 मध्ये महापालिका झाल्या, जालन्याला 2023 मध्ये. त्या शहरांतल्या कामगारांना ठाण्याच्या बरोबरीचा दर मिळतो, याचा मला आनंदच आहे. त्यांचा एक रुपयाही कमी व्हावा असं माझ्या मनात नाही. पण जालन्याला जे मिळतं ते बदलापूरला का मिळू नये, याचं उत्तर बदलापूरच्या कामगाराला कोणी द्यायचं?

या रेघा किती हलत्या आहेत, हे आम्हा कल्याण-डोंबिवलीकरांइतकं कुणी पाहिलं नसेल. 1983 मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यातच होते. 1992 मध्ये ते बाहेर पडले आणि त्यांच्या नगरपरिषदा झाल्या. त्यानंतर 27 गावांची गोष्ट सुरू झाली. मानपाडा, सोनारपाडा, दावडी, गोळवली, पिसवली, भोपर, निळजे ही त्यांतली काही नावं. 2002 मध्ये ही गावं महापालिकेतून वगळली गेली. 1 जून 2015 ला ती पुन्हा आत आली. मार्च 2020 मध्ये त्यांतली 18 गावं पुन्हा बाहेर काढून 'कल्याण उपनगर' नावाची नगरपरिषद करायचं ठरलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

ही गावं आत की बाहेर, हा वाद मालमत्ता कराचा, पाण्याचा, बांधकाम परवानग्यांचा आणि गावकऱ्यांच्या स्वायत्ततेचा आहे. त्यात दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं खूप आहे आणि मी त्यात पडत नाही. पण त्या वादाचा एक परिणाम कुठल्याच सभेत बोलला गेला नाही. ग्रामपंचायत असताना या गावांतल्या कल्याण-शीळ रस्त्यावरच्या दुकानातला हेल्पर तिसऱ्या परिमंडळात होता. 1 जून 2015 ला तो पहिल्यात आला. 2020 चा निर्णय टिकला असता तर 18 गावांतला हेल्पर पुन्हा खाली घसरला असता. या काळात त्याचं काम बदललं नाही, मालकाचं गिऱ्हाईक बदललं नाही, खोलीचं भाडं तर कमी व्हायचं नावच घेत नव्हतं. निवडणुकीच्या राजकारणात आखलेली हद्द त्याच्या पगारात उतरली. वेतन ही इतकी ढिली गाठ असू नये.

आता मालकाच्या बाजूने हिशेब मांडते, कारण माझं मीठ तिथून येतं आणि त्यांची अडचणही खरी आहे. समजा मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून महिन्याचे 15,000 रुपये होतात. त्यावर मालकाचा पीएफचा वाटा 12 टक्के, म्हणजे 1,800. ठेवसंलग्न विमा आणि प्रशासकीय आकार अर्धा-अर्धा टक्का, मिळून 150. ईएसआय 3.25 टक्के, 487 रुपये 50 पैसे. बोनस किमान 8.33 टक्के, महिन्यावर वाटला तर 1,250. ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्के, साधारण 721. कल्याण निधीचे सहा महिन्यांना 75, म्हणजे महिन्याला साडेबारा. सगळं मिळून खर्च 19,420 च्या आसपास. भरपगारी रजा आणि सुट्या यात धरलेल्या नाहीत. कामगाराच्या बाजूने पीएफचे 1,800, ईएसआयचे 112 रुपये 50 पैसे आणि व्यवसाय कराचे 200 गेले की हातात 12,900 च्या आतच येतात. एकाच माणसाचा पगार मालकाला साडेएकोणीस हजारांचा वाटतो आणि कामगाराला तेराचाही वाटत नाही. दोघंही खरं बोलत असतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होणारी निम्मी भांडणं या दोन आकड्यांमधल्या अंतरातून येतात.

यातले टक्के देशभर एकच आहेत. पीएफचे 12 टक्के ठाण्यातही तेच आणि गडचिरोलीतही तेच. प्रदेशानुसार बदलतो तो ज्यावर हे टक्के लागतात तो पाया. म्हणून परिमंडळाचा फरक पायात राहतो आणि वरच्या प्रत्येक मजल्यावर वाढत जातो. पहिल्या आणि तिसऱ्या परिमंडळातला मूळ दराचा फरक 1,193 रुपये. त्यावर वरचे 29 टक्क्यांहून थोडे जास्त लावले की मालकाच्या खर्चातला फरक माणशी महिन्याला 1,540 च्या वर जातो. शंभर माणसांच्या गोदामाला वर्षाला साडेअठरा लाख रुपये. भिवंडी तालुक्यातली गोदामं महापालिकेच्या हद्दीत न राहता काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली अशा गावांमध्ये पसरली, त्याला जमिनीचा भाव, महामार्ग आणि पूर्वीची जकात ही मोठी कारणं आहेत. वेतनातला फरक हे त्यांतलं पहिलं कारण असेल असं मी म्हणणार नाही. पण कंत्राटाची बोली लावताना हा फरक मोजला जातो, हे मी पाहत आले आहे.

आणि तिथे मार खातो तो कायदा पाळणारा लहान मालक. डोंबिवली एमआयडीसीतला पॅकिंगचं काम करणारा गाळेवाला पहिल्या परिमंडळाच्या दराने 40 माणसांचा पगार, पीएफ, ईएसआय, बोनस सगळं लावून दर देतो. खाडीपलीकडच्या भिवंडी तालुक्यातला ठेकेदार तिसऱ्या परिमंडळाच्या दराने बोली लावतो, आणि त्याची माणसं डोंबिवलीतूनच, मोठागाव-माणकोली पुलावरून जातात. काम पलीकडे जातं. मग इकडचा मालक एक तर माणसं कमी करतो किंवा तीच माणसं कागदावर निम्म्या हजेरीची दाखवतो. हा दुसरा मार्ग गुन्हा आहे, आणि मी तो कुणालाही सांगत नाही. पण सरकारने आखलेल्या रेघेमुळे प्रामाणिक माणसाला तो मोह पडावा, याचं मला फार वाईट वाटतं.

भाड्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण प्रदेशागणिक खर्चाचा सगळा फरक शेवटी भाड्यात येऊन साचतो. डाळ-तांदूळ परभणीत आणि डोंबिवलीत फार वेगळ्या भावाला मिळत नाहीत. खोली मिळते. किमान वेतन कसं मोजावं, याचे निकष 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिले. तीन उपभोग एकक, माणशी 2,700 उष्मांक, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, आणि भाडं सरकारी औद्योगिक गृहनिर्माण योजनेच्या हिशेबाने. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचं शिक्षण, औषधोपचार वगैरेंसाठी आणखी 25 टक्के त्यात जोडले. वेतन संहितेखालच्या केंद्राच्या नियमांच्या मसुद्यात भाड्याचा निकष असा आहे: अन्न आणि कापडावरच्या खर्चाच्या 10 टक्के. कुटुंबाचा अन्न-कापडाचा खर्च महिन्याला 12,000 धरला तर भाडं झालं 1,200. आपल्या खात्याच्या एखाद्या अधिकाऱ्याने एका सकाळी ठाकुर्ली, कोपर, दिवा किंवा मुंब्रा इथे फिरून 1,200 रुपयांत कुटुंबाला राहता येईल अशी खोली शोधून पाहावी, ही माझी मनापासूनची विनंती आहे. अनामत रक्कम किती मागतात, तेही विचारावं.

महाराष्ट्राने या बाबतीत एकेकाळी स्वतःचं पाऊल टाकलं होतं. महाराष्ट्र कामगार किमान घरभाडे भत्ता अधिनियम 1983 चा आहे. 50 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी वेतनाच्या 5 टक्के किंवा 20 रुपये, यांतलं जे जास्त ते घरभाड्यापोटी द्यावं, असा तो कायदा. हेतू चांगला होता आणि दुसऱ्या कुणाची वाट न पाहता तो केला, याचा मला अभिमान आहे. पण 15,000 च्या वेतनावर 5 टक्के म्हणजे 750 रुपये. आणि 50 माणसांची अट असल्याने डोंबिवलीतले आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले बहुतेक गाळे त्यातून सुटतात. केंद्राच्या कर्मचाऱ्याला याच शहरात 30 टक्के, कारखान्यातल्या कामगाराला 5, आणि लहान गाळ्यातल्या कामगाराला शून्य. तिघंही सकाळी एकाच तिकीट खिडकीसमोर उभे असतात.

लाभांचंही तेच. ईएसआयचे 3.25 टक्के मालक भरतो, 0.75 टक्के कामगार भरतो, दर सगळीकडे सारखा. पण त्या पैशातून मिळणारी सेवा प्रत्येक ठिकाणी सारखी नाही. इथल्या कामगाराला दाखल व्हायची वेळ आली तर ठाण्यात वागळे इस्टेटचं किंवा उल्हासनगरचं कामगार रुग्णालय गाठावं लागतं. ज्या डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 ला आणि पुन्हा 23 मे 2024 ला कारखान्यांत स्फोट होऊन माणसं गेली, तिथल्या कामगाराच्या वर्गणीची किंमत काय, हा प्रश्न हिशेबाच्या पलीकडचा आहे. शिवाय ईएसआयची वेतनमर्यादा 2017 पासून 21,000 वर थांबली आहे आणि पीएफची 2014 पासून 15,000 वर. हे केंद्राचं क्षेत्र आहे, हे मला कळतं. पण महाराष्ट्राचा कामगारमंत्री दिल्लीत याबद्दल बोलला तर त्याला वजन असतं.

आपल्यासमोर मालकांच्या संघटना येतील आणि म्हणतील की वेतन वाढलं तर उद्योग वापी, सिल्वासा, उंबरगावला जातील. या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. 1962 मध्ये वागळे इस्टेटमध्ये एमआयडीसीची सुरुवात झाली, त्या वागळेत आज किती कारखाने उरलेत आणि किती जागांवर कार्यालयं आणि काचेच्या इमारती उभ्या आहेत, हे ठाणेकर रोज पाहतात. मोहोन्याची एनआरसी ही कंपनी 2009 मध्ये बंद पडली आणि कामगारांची एक अख्खी वसाहत देणी मिळण्याची वाट पाहत राहिली. पण मी ज्या मालकांचे हिशेब पाहते, त्यांच्या तक्रारींच्या यादीत जमिनीचा भाव, विजेचा दर, पाणी, सांडपाण्याचे नियम आणि कल्याण-शीळ रस्त्यावर अडकलेले ट्रक हे वेतनाच्या वर असतात. दुसऱ्या परिमंडळाला पहिल्यात आणल्याने जे वाढतील ते माणशी 596 रुपये आणि त्यावरचे टक्के, म्हणजे पावणेआठशेच्या आसपास. हा बोजा लहान गाळ्याला जाणवेल, हे खरं. पण त्यासाठी त्याला वेळ द्यावा, हप्ते द्यावेत. 20 पेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनांसाठी वाढीचा काही भाग सरकारने दोन-तीन वर्षं उचलावा. 1 ऑगस्ट 2025 पासून केंद्राने नवीन रोजगारासाठी मालकांना माणशी महिन्याला 3,000 रुपयांपर्यंत प्रोत्साहन सुरू केलं आहे. असा पैसा देण्याची वाट सरकारला माहीत आहे.

हीच वेळ का, तेही सांगते. चारही कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. वेतन संहितेनुसार किमान दर ठरवताना भौगोलिक क्षेत्र पाहायचं आहे, आणि पाच वर्षांच्या आत फेरआढावा घ्यायचा आहे. जुन्या कायद्यातही पाच वर्षांचीच मुदत होती, तरी दुकानं आणि आस्थापनांचे दर 2010 नंतर 2019 मध्ये बदलले. नऊ वर्षं. आता केंद्राच्या मसुद्यात 40 लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येचा सलग भाग महानगरी, 10 ते 40 लाखांचा बिगर-महानगरी आणि बाकीचा ग्रामीण अशी विभागणी आहे. 2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आत आणि ठाण्याची साडेअठरा लाखांच्या आत होती. प्रत्येक महापालिका सुटी मोजली, तर ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्ही बिगर-महानगरी ठरतील आणि बदलापूर, अंबरनाथ थेट ग्रामीण. सलग पट्टा म्हणून मोजलं तर सगळं मिळून महानगर. राज्याचे नियम लिहिताना एका व्याख्येत लाखो माणसांचा पगार ठरणार आहे.

हा पट्टा सलग आहे, असं राज्यानेच अनेकदा मानलं आहे. 1975 मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं ते त्याच विचाराने. 1981 च्या खासगी सुरक्षा रक्षकांच्या कायद्याखाली बृहन्मुंबई आणि ठाणे जिल्हा मिळून एकच मंडळ केलं गेलं, कारण पहारेकरी हद्द पाहून काम धरत नाही, हे तेव्हाच्या लोकांना कळलं होतं. हेल्पर, पॅकर, सेल्सगर्ल, लेथवरचा ऑपरेटर यांनाही हेच लागू आहे.

म्हणून माझं मागणं असं आहे. किमान वेतनाच्या सर्व अधिसूचनांसाठी मुंबई महानगर प्रदेश हे एक परिमंडळ धरा आणि स्थानिक संस्थेचा वर्ग हा निकष त्या प्रदेशापुरता काढून टाका. प्रदेशाची कड कुठेतरी येणारच. मुरबाडच्या आणि शहापूरच्या आतल्या गावांचा खर्च खरोखर वेगळा आहे, आणि तिथल्या शेतमजुराला व दुकानातल्या मुलाला या व्याख्येत ओढून ताणून बसवावं असं मी म्हणत नाही. पण ती कड माणसं रोज कुठून कुठे कामाला जातात हे पाहून आखा. त्यासाठी लागणारी माहिती रेल्वेच्या पासांमध्ये आणि ईएसआयच्या पत्त्यांमध्ये पडून आहे. भाड्याचा घटक वेतनातून वेगळा दाखवा, तो त्या त्या भागातल्या प्रत्यक्ष भाड्यावरून दर दोन वर्षांनी मोजा, आणि घरभाडे भत्त्याच्या कायद्यातली 50 माणसांची अट खाली आणा. त्या भत्त्याचा दर 1983 मध्ये होता तिथेच ठेवून भागणार नाही.

राज्याच्या नियमांवर हरकती आणि सूचना मागवाल, तेव्हा फक्त मंत्रालयात सुनावणी ठेवू नका. एक सुनावणी कल्याणला ठेवा आणि एक अंबरनाथला. ती संध्याकाळी सातनंतर किंवा साप्ताहिक सुटीच्या दिवशी ठेवा, म्हणजे हजेरी न कापता कामगार येऊ शकतील आणि गाळा बंद न करता लहान मालकही. ठाण्याच्या आणि कल्याण-अंबरनाथच्या उद्योजक संघटनांना बोलवा, ठेकेदारांना बोलवा, आमच्यासारख्या पगारपत्रकं लिहिणाऱ्यांना बोलवा. सूचनेचा मसुदा मराठीत आणि परिमंडळांच्या नकाशासकट लावा. नकाशावर स्थानकांची नावं असू द्या, म्हणजे माझं दुकान रेघेच्या कुठल्या बाजूला पडतं, हे कुणालाही वकिलाकडे न जाता कळेल. मी येईन, आणि नावं झाकलेली पगारपत्रकं सोबत आणीन.

आपली,
डोंबिवली पूर्वेची एक पगारपत्रक लेखनिक